जोतिबाच्या चढावर थांबलेली गाडी

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

कोल्हापुरातले एक वाचक, वय ५१. घर राजारामपुरीत, शिरोली एमआयडीसीत स्वतःचं छोटं मशिन शॉप. पावणेतीन वर्षांपूर्वी त्यांनी ड्युअल क्लच गिअरबॉक्सची ऑटोमॅटिक एसयूव्ही घेतली, ऑन रोड साधारण १८ लाखांना. पत्नीचा डावा गुडघा दुखतो, क्लच दाबायला नको, म्हणून मुद्दाम ऑटोमॅटिक. यंदा चैत्र यात्रेची गर्दी ओसरल्यावर एका रविवारी सगळे जोतिबाला निघाले. पत्नी गाडी चालवत होत्या, मागे आई. वर पोचता पोचता गाड्यांची रांग लागली. १५-२० मिनिटं थांबत-सरकत चढल्यावर गाडी थरथरू लागली, जळका वास आला, पडद्यावर गिअरबॉक्स तापल्याची सूचना आली आणि ॲक्सिलरेटर दाबूनही गाडी जागची हलेना. मागून हॉर्न. यांनी उतरून चाकामागे दगड लावला. अर्ध्या तासाने गाडी काही झालंच नाही अशी चालू लागली.

वर्कशॉपमध्ये दोनदा नेली. दोन्ही वेळा उत्तर एकच: "कोड नाही, गाडी नॉर्मल आहे." (कोड म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने केलेली बिघाडाची नोंद.) दुसऱ्या वेळी ॲडव्हायझरने विचारलं, "गाडी मॅडम चालवतात का?" घरी आल्यावर यांनी ते बोलून दाखवलं. तेव्हा पत्नीने किल्ली खुंटीला लावली, ती आजवर परत हातात घेतलेली नाही. याच मॉडेलच्या मालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज कुणाचा ना कुणाचा गिअरबॉक्स बिघडल्याचं वाचून यांची झोप उडाली आहे. स्वतः चालवताना मात्र भर दुपारी ताराराणी चौकातल्या सिग्नलला थोडी थरथर जाणवते, बाकी काही नाही. वॉरंटी संपायला तीन महिने उरलेत. इचलकरंजीचा भाचा साडेअकरा लाखांना गाडी घ्यायला तयार आहे. "त्याला जोतिबाचं सांगू का? आत्ताच देऊन मोकळा होऊ, की ग्राहक आयोगात जाऊ? आणि एवढ्या पैशाची गाडी घेऊन आमचं चुकलंच का?"

उत्तर:

नमस्कार दादा,

आधी एक विनंती. भाच्याला इतक्यात होकार देऊ नका. गाडीला नेमकं काय झालंय हे तुम्हाला ठाऊक नाही, वर्कशॉपलाही नाही. निदान व्हायच्या आधीच तुम्ही ती विकायला निघालात. तीन महिने हातात आहेत. तेवढ्यात पुष्कळ काही होतं, फक्त ते सगळं वॉरंटी जिवंत असतानाच करायला हवं.

माझे वडील उद्यमनगरात इंजिनांची कामं करायचे. कुणी बिघडलेलं इंजिन आणलं की पान्याला हात लावायच्या आधी त्यांचा एकच प्रश्न असायचा: "कधी होतंय? गार असताना का तापल्यावर?" गिऱ्हाईक वैतागायचं, "तुम्ही उघडून बघा की." पण वडील आधी उत्तर घेत आणि मगच हात काळे करत. तुमच्या गाडीला हा प्रश्न अजून कुणीच विचारलेला नाही. वर्कशॉपने दोन्ही वेळा गार झालेली गाडी सपाट फरशीवर उभी करून स्कॅनर लावला. बिघाड आहे तापलेल्या गाडीचा, चढावरचा, रांगेतला. तो तिथे दिसणार कसा?

आता आत काय चालतं ते थोडं सांगते. तुम्ही मशिनवाले आहात, लगेच लक्षात येईल. तुमच्या गिअरबॉक्सला दोन क्लच आहेत. एकाकडे पहिला, तिसरा, पाचवा, सातवा गिअर. दुसऱ्याकडे दुसरा, चौथा, सहावा आणि बहुतेक गाड्यांत रिव्हर्स. आखाड्यात एक कुस्ती चालू असताना पुढचा पैलवान लंगोट कसून, अंगाला माती लावून कडेला उभाच असतो ना, तसं हे. गाडी दुसऱ्यावर चालत असते तेव्हा तिसरा आधीच पडून तयार असतो. एक क्लच सुटतो, त्याच क्षणी दुसरा धरतो. म्हणून कागलकडे हायवेने जाताना गिअर कधी बदलला ते तुम्हाला कळतसुद्धा नाही.

अडचण येते ती मुंगीच्या चालीला. गाडी ताशी चार-पाच किलोमीटरने सरकत असते तेव्हा पहिल्या गिअरलाही तो वेग कमीच पडतो. क्लच पूर्ण धरला तर इंजिन बंद पडेल, पूर्ण सोडला तर गाडी थांबेल. म्हणून तो अर्धवट घासत राहतो. आपला जुना हाफ क्लचच हा, फक्त पाय कॉम्प्युटरचा. काही गाड्यांत हे क्लच तेलात बुडालेले असतात, तेल उष्णता वाहून नेतं. तुम्ही कळवलेल्या मॉडेलमध्ये कोरडे क्लच आहेत. त्यांना गार करायला भोवतीच्या हवेशिवाय काही नाही, आणि उन्हाळ्यातल्या दुपारी रांगेत उभ्या गाडीला हवा ती किती लागणार? क्लच तापला की त्याची पकड बदलते, गाडी थरथरते. आणखी तापला की कॉम्प्युटर क्लच सोडून देतो, तो जळू नये म्हणून. वहिनींनी ॲक्सिलरेटर दाबला, इंजिन ओरडलं आणि गाडी हलली नाही, ते बहुधा यामुळे. अर्ध्या तासाने ती पूर्ववत झाली, हेही त्याच्याशी जुळतं.

पण एवढ्यावरून "म्हणजे गाडी नॉर्मल" असं होत नाही. संरक्षण म्हणून क्लच सुटला हे खरं. तो इतक्या लवकर का तापला, हा प्रश्न उरतोच. त्याला कारणं अनेक असू शकतात. क्लच नेमका कुठे धरायला लागतो तो बिंदू कॉम्प्युटरने चुकीचा शिकलेला असेल, तर स्कॅनर लावून तो नव्याने शिकवता येतो. सॉफ्टवेअर जुनं असेल. क्लच प्लेट एका बाजूने झिजली किंवा जळकी झाली असेल. क्लच हलवणारी यंत्रणा, तिला मेकॅट्रॉनिक्स म्हणतात, तिच्यात दोष असेल. किंवा यातलं काहीच नसेल आणि चढावर गाडी तोलून धरण्याच्या सवयीने एवढी उष्णता झाली असेल. यातलं एक कारण घरी बसून निवडायचं आणि त्यावर साडेअकरा लाखांचा व्यवहार करायचा, हे तुमच्यासारख्या मापाच्या माणसाला शोभत नाही.

त्या सवयीबद्दल बोलायलाच हवं, कारण "मॅडम चालवतात का" हा प्रश्न तिथूनच आला. चढावर पुढची गाडी थांबली की मॅन्युअलवर शिकलेला माणूस ब्रेकवर पाय नेत नाही. तो ॲक्सिलरेटर हलका दाबून गाडी जागच्या जागी तोलतो. मी स्वतः वर्षानुवर्षं तेच करत आले. आमच्या पिढीला चढावरचं ड्रायव्हिंग असंच शिकवलं गेलं. कोरड्या ड्युअल क्लचला हे मारक आहे. पण मग ही सवय बाईची कशी? तुमची नाही का? आणि गाडी ताब्यात घेताना हार घातला, फोटो काढला, ब्लूटूथ जोडून दिलं. चढावर काय करायचं हे त्या दिवशी कुणी सांगितलं होतं का? तुमच्याच पत्रात लिहिलंय की तुम्ही चालवताना ताराराणी चौकात गाडी थरथरते. तो रस्ता सपाट आहे आणि स्टिअरिंगवर तुम्ही होता. हे वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय. मला ते पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य वाटलं.

"चालवणाऱ्याचा दोष" हे उत्तर जगभर दिलं गेलंय. ऑस्ट्रेलियात फोर्डच्या पॉवरशिफ्ट या ड्युअल क्लच गिअरबॉक्सबद्दल फिएस्टा, फोकस आणि इकोस्पोर्टच्या मालकांनी अशाच थरथरीच्या तक्रारी केल्या. तिथल्या ग्राहक आयोगाने प्रकरण फेडरल कोर्टात नेलं. ही थरथर गाडीच्या दोषाचं लक्षण आहे हे ठाऊक असूनही कंपनी अनेक ग्राहकांना त्यांच्या ड्रायव्हिंगमुळे होतंय असं सांगत होती, हे त्यात पुढे आलं. २०१८ मध्ये कोर्टाने १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला. तुमच्या गाडीत तसाच दोष आहे असं मी म्हणत नाही. पण मोजमाप न करता चालवणाऱ्याकडे बोट दाखवलं गेलं, तर ते पटवून घ्यायचं कारण नाही. घरी येऊन तेच बोट आपल्या माणसाकडे वळवायचं तर अजिबातच नाही.

आता ग्रुपचं. ज्याची गाडी सुरळीत चालते तो रात्री अकराला "आज काहीही झालं नाही" असा मेसेज टाकत नाही. त्यामुळे ग्रुपवर फक्त दुखणी जमतात आणि वाचणाऱ्याला वाटतं सगळं गावच आजारी आहे. दुसरं असं की एकाच नावाची एसयूव्ही तीन-चार वेगळ्या गिअरबॉक्ससह विकली जाते. इलेक्ट्रॉनिक हातांनी क्लच दाबणारा एएमटी, पट्टा-पुलीचा सीव्हीटी, तेलाच्या जोरावर चालणारा टॉर्क कन्व्हर्टर आणि तुमचा ड्युअल क्लच, ही चार वेगळी यंत्रं आहेत. एएमटीची मान डोलावल्यासारखी हालचाल, सीव्हीटीत इंजिनचा आवाज आधी चढणं आणि गाडीचा वेग मागून येणं, हे त्या त्या यंत्राचे स्वभाव आहेत. ग्रुपवर ही सगळी खिचडी असते. तुम्ही फक्त तुमचंच इंजिन, तुमचाच गिअरबॉक्स आणि तुमच्याच वर्षाच्या आसपासच्या गाड्या वेगळ्या काढा. त्यांच्या मालकांना एकच विचारा: काय बदललं, आणि जॉब कार्डचा फोटो मिळेल का? असे चार फोटो मिळाले तर ग्रुपचं चीज झालं. बाकीचे मेसेज रात्री वाचू नका.

शिवाय तुमच्या गाडीवर एखादा रिकॉल किंवा सॉफ्टवेअर अपडेट बाकी आहे का, तेही बघा. आरसीवर १७ अक्षर-अंकांचा चॅसिस नंबर असतो, तो कंपनीच्या वेबसाइटवर घालून पाहता येतो. आपल्याकडेही गिअरबॉक्ससाठी रिकॉल झालेत. २०२४ च्या फेब्रुवारीत कियाने सीव्हीटी असलेल्या ४,३५८ पेट्रोल सेल्टोस इलेक्ट्रॉनिक ऑइल पंपाच्या कंट्रोलरसाठी परत बोलावल्या होत्या. तो गिअरबॉक्स तुमचा नव्हे, पण तपासायला पाच मिनिटं लागतात.

मग काळजी कधी करायची? थंड गाडी, मोकळा सपाट रस्ता, सकाळची वेळ आणि तरीही धक्के बसत असतील, तर तो स्वभाव नव्हे, बिघाड. इंजिनचे फेरे (आरपीएम) चढताहेत आणि गाडीचा वेग वाढत नाही, म्हणजे क्लच घसरतोय. गाडी एक सोडून एक गिअर घेतेय, म्हणजे एका बाजूचा क्लच बंद करून ती कशीबशी चालतेय. रिव्हर्स टाकताना दाणकन आवाज, गिअरचा आकडा लुकलुकणं, चालत्या गाडीचा गिअर आपोआप सुटणं, हेही त्यातलंच. चालत्या गाडीचा गिअर सुटला तर ती चालवत वर्कशॉपला नेऊ नका, टो करून न्या. हायवेवर ते जिवावर बेतू शकतं.

आता कामाला लागू. तुमच्याकडे एखाद्या गिऱ्हाईकाने जॉब परत पाठवला आणि चिठ्ठीवर नुसतं "खराब" लिहिलं, तर तुम्ही काय म्हणता? माप दाखवा म्हणता. तुमच्या दोन जॉब कार्डांवर काय लिहिलंय ते काढून बघा. माझा अंदाज आहे की "जनरल चेकअप" असं काहीतरी असेल. तसं असेल तर कागदोपत्री तुम्ही गिअरबॉक्सची तक्रार आजवर केलेलीच नाही. तिसऱ्यांदा जाल तेव्हा आपल्या शब्दांत लिहून घ्या आणि सही करायच्या आधी वाचा. साधारण असं:

"थांबत-सरकत चाललेल्या रांगेत १५ ते २० मिनिटांनंतर चढावर पहिल्या गिअरमध्ये गाडी थरथरते, जळका वास येतो. नंतर गिअरबॉक्स तापल्याची सूचना येऊन ॲक्सिलरेटर दाबूनही गाडी पुढे जात नाही. सुमारे ३० मिनिटांनी आपोआप पूर्ववत होते. सपाट रस्त्यावर, सिग्नलला सुटतानाही थरथर जाणवते."

यात राग नाही, "डबा गाडी" नाही, इतरांच्या गाड्यांचा उल्लेख नाही. त्याच दिवशी हाच मजकूर कंपनीच्या ग्राहक सेवा विभागाला ईमेलने पाठवा, जॉब कार्डचा नंबर घालून. आणि तीन गोष्टी मागा. कोड पुसायच्या आधीचा, सगळ्या मॉड्यूलचा स्कॅन रिपोर्ट छापून. गिअरबॉक्सच्या सॉफ्टवेअरची आवृत्ती, आधीची आणि अपडेट केलं तर नंतरची. आणि तंत्रज्ञासोबत ट्रायल, स्कॅनर लावलेला ठेवून, तापलेल्या गाडीची, चढावर. पन्हाळ्याचा रस्ता वीसेक किलोमीटरवर आहे, त्यांना फार लांब जायचं नाही. तंत्रज्ञाला स्क्रीनवर क्लचचं तापमान चढताना दिसलं, तर "कोड नाही" हे उत्तर तिथेच संपतं. शक्य असेल तर शोरूमची त्याच मॉडेलची डेमो गाडी त्याच चढावर, त्याच रीतीने चालवून बघायला सांगा. दोन्ही सारख्याच तापल्या तर तो यंत्राचा स्वभाव, आणि मग तुमची सवय बदलायची. तुमचीच लवकर तापली तर तो दोष, आणि मग भाग बदलायचा. इतकी सोपी तुलना आजवर झाली नाही, याचंच मला वाईट वाटतं.

तरीही "नॉर्मल" म्हणाले, तर भांडू नका. "ही लक्षणं या मॉडेलमध्ये सर्वसाधारण आहेत" असं सही-शिक्क्यानिशी लिहून मागा. लिहून द्यायची वेळ आली की माणसं पुन्हा एकदा तपासतात.

वॉरंटीचं पुस्तक आज रात्रीच काढा. त्यात क्लच हा झिजणारा भाग म्हणून वेगळा काढलाय का ते शोधा, कारण पुढे वाद तिथे होणार. पावणेतीन वर्षांत प्लेट झिजली म्हणजे वापर जास्त, असं ते म्हणू शकतील. त्याला तुमचं उत्तर म्हणजे तारखांसह नोंदलेली तक्रार. ती वॉरंटीच्या आत लेखी आली असेल, तर दुरुस्ती नंतर झाली तरी तुमची बाजू भक्कम राहते. दुसरं, वाढीव वॉरंटी. बहुतेक कंपन्या मूळ मुदत संपायच्या आतच ती घेऊ देतात. मी तुमच्या जागी असते तर घेतली असती. अख्खा गिअरबॉक्स किंवा मेकॅट्रॉनिक्स बदलायचा खर्च वाढीव वॉरंटीच्या हप्त्यापुढे फार मोठा असतो. मात्र घेण्याआधी त्यात गिअरबॉक्सचे कुठले भाग येतात आणि गाडी विकली तर ती नव्या मालकाकडे जाते का, हे वाचून घ्या.

आयोगाबद्दल खरं सांगायचं तर ते दार उघडं आहे, पण आज ठोठवायचं नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे कोल्हापूरच्या जिल्हा आयोगातच तक्रार करू शकता, कंपनी कुठलीही असो. ५० लाखांपर्यंतच्या खरेदीचे दावे जिल्हा आयोगात येतात. तुमच्या रकमेला फी ४०० रुपये आहे आणि वकील सक्तीचा नाही. तक्रार ई-जागृती पोर्टलवरही दाखल होते. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, म्हणजे घाई नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. पण आयोगात दोष सिद्ध करावा लागतो. गरज पडल्यास आयोग गाडी तपासणीला पाठवतो आणि तपासणीचा खर्च आधी तक्रारदाराला भरावा लागतो. आणि "नवी गाडी द्या" ही अपेक्षा ठेवून जाऊ नका. २००६ मध्ये मारुती उद्योगच्या एका प्रकरणात तक्रार क्लचचीच होती. वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करणं किंवा बदलणं एवढंच बंधन आहे, त्यासाठी अख्खी गाडी बदलून देण्याचा आदेश योग्य नाही, असं सर्वोच्च न्यायालय म्हणालं. त्यामुळे क्लच किंवा गिअरबॉक्स बदलून घेणं, ही मागणी जास्त टिकणारी आहे.

राहिला भाचा. तुम्ही विचारलंत, सांगू का? भारतीय करार कायदा १८७२ चा, त्यातल्या कलम १७ खाली घोड्यांची उदाहरणं दिली आहेत. मला ती फार आवडतात. एक माणूस लिलावात घोडा विकतो. घोड्यात खोट आहे हे त्याला ठाऊक आहे, तो गप्प राहतो. कायदा म्हणतो, ही फसवणूक नाही. पुढचं उदाहरण: घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी आहे. आता मात्र नात्यामुळे सांगणं हे त्याचं कर्तव्य ठरतं. तिसरं: घेणारा म्हणतो, "तुम्ही नाही म्हणाला नाहीत, तर मी घोडा चांगला आहे असं समजेन." विकणारा गप्प बसतो. इथे गप्प बसणं म्हणजेच बोलणं. तुमचा भाचा किल्ली हातात घेताना म्हणणारच, "मामा, गाडीला काही नाही ना?" त्या क्षणी तुम्ही तिसऱ्या उदाहरणात उभे असाल, आणि समोर बहिणीचा मुलगा असेल.

विकू नका असं मी म्हणत नाही. दुरुस्ती होऊ द्या, तिन्ही जॉब कार्डं आणि वाढीव वॉरंटीचा कागद एका फाइलला लावा, जोतिबाचा प्रसंग तुम्ही स्वतः सांगा आणि मग किंमत त्याला ठरवू द्या. तो जास्त करून हायवेने फिरणारा असेल तर ही गाडी त्याला तुमच्यापेक्षा जास्त मानवेल. पन्नास-पंचाहत्तर हजार कमी येतील कदाचित. ते पैसे गाडीच्या खोटीचे आहेत, ते त्याच्या खिशातून जायला नकोत.

आणि ठेवली, तर चालवण्यात थोडा बदल करा, दोघांनीही. चढावर थांबलात की ब्रेक, ॲक्सिलरेटर नाही. ऑटो होल्ड, म्हणजे थांबल्यावर ब्रेक आपोआप धरून ठेवणारी सोय, असेल तर चालू ठेवा. पुढची गाडी दोन हात सरकली म्हणून लगेच सरकू नका, गाडीभर जागा होऊ द्या आणि मग एकदम ठाम निघा. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू द्या. रांग लांब असेल तर मॅन्युअल मोडमध्ये पहिल्या गिअरवर ठेवा, म्हणजे ती पहिल्या-दुसऱ्यात घुटमळणार नाही. उतरताना दुसऱ्यावर आणून इंजिनचा ब्रेक वापरा. तापल्याची सूचना आलीच, तर बाजूला घेऊन हँडब्रेक, पी आणि पार्किंग लाइट. इंजिन चालू ठेवायचं की बंद, ते गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, तसं करा. तुम्ही दगड लावलात ते बरोबर केलंत, पण पुढच्या वेळी गाडीच्या मागून जाऊ नका, बाजूने लावा. गाडी घेऊन चुकलं का म्हणालात, तर गुडघ्याचा विचार करून ऑटोमॅटिक घेतलीत हे बरोबरच होतं. फक्त रोजच्या रस्त्यात रांग आणि चढ जास्त असतील, तर तेलातला क्लच किंवा टॉर्क कन्व्हर्टर जास्त सोसतो, हे पुढची गाडी घेताना ध्यानात ठेवा. हे पत्र वाचणाऱ्या इतरांनीही टेस्ट ड्राइव्ह हायवेवर न घेता संध्याकाळी सहाला मिरजकर तिकटी, महाद्वार रोडच्या गर्दीत घ्यावी.

पन्हाळ्याच्या ट्रायलला स्टिअरिंगवर वहिनींना बसवा. जोतिबावर पाय त्यांचा होता. थरथर पायाला कशी लागली, वास आधी आला की सूचना, हे त्यांच्याइतकं नेमकं कुणालाच सांगता येणार नाही. तुम्ही मागे बसून मोबाईलवर शूटिंग घ्या. त्याआधी घरी ॲडव्हायझरचं ते वाक्य मागे घ्या, मग वही घेऊन त्यांच्यासमोर बसा आणि विचारा: कधी झालं, गार असताना का तापल्यावर?